कार्टून बघणारे हजार, पैसे देणारा कोण?

मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्हज’ हे मनोरंजन क्षेत्राचं जागतिक संमेलन भरलं. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांच्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. पेपरात मोठे मथळे आले. गावातल्या मोबाईलवर मात्र वेगळंच काही फिरतंय. एक हसरा मुलगा रीलमधून सांगतो की मोबाईलवर कार्टून बनवा, अ‍ॅपवर टाका आणि घरबसल्या महिन्याला लाख कमवा. विदर्भातलं दारव्हा असो, मूल असो की मोर्शी, चित्र काढायची आवड असलेली पोरंपोरी हे बघतात आणि विचारतात, “सर, खरंच पैसे भेटतात का?”

भेटतात. पण ज्या अ‍ॅपवर तुम्ही अ‍ॅनिमेशन टाकता, ते अ‍ॅप स्वतः पैसे देतं असं फार थोड्या वेळा होतं. पैसा बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या खिशातून निघतो. तो खिसा कोणाचा, वाटेत कोण किती कापतो आणि उरलेलं आपल्या खात्यात कधी पडतं, हे तीन प्रश्न प्रत्येक मार्गाला विचारले की बराचसा गोंधळ मिटतो. या लेखात तेच करायचं आहे.

आधी कष्टाचा अंदाज घ्या

अ‍ॅनिमेशन म्हणजे किंचित बदलत जाणारी चित्रं भराभर दाखवणं. अशा एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हातानं काढणारे कलाकार सहसा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं लागतात. पोळ्याचा बैल मान हलवतोय एवढं दहा सेकंद दाखवायचं, तर १२० चित्रं झाली.

एवढं काढत बसायचं नसेल तर कटआउट पद्धत आहे. बैलाचं डोकं, मान, पाय, शेपटी एकदाच वेगवेगळं काढायचं आणि सांध्यांवर फिरवायचं. काम पुष्कळ हलकं होतं, आणि तोच बैल पुढच्या गोष्टीतही चालतो.

“पण माझ्याकडे कॉम्प्युटर नाही.” सुरुवातीला लागतही नाही. फ्लिपाक्लिपसारखं अ‍ॅप साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं. त्यात आधीचं चित्र फिकट दिसत राहतं, त्यावरून पुढचं काढता येतं. पुढे कधी कॉम्प्युटर हाती आला तर क्रिता, ओपनटून्झ आणि ब्लेंडर ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. फुकट म्हणून कमी दर्जाची समजू नका. २०२५ साली अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरवरच बनला होता. ज्या क्लासवाल्यानं “सॉफ्टवेअरचे वीस हजार वेगळे” असं सांगितलं, त्याला एवढं एक वाक्य ऐकवा.

अ‍ॅपकडे पैसा येतो कुठून?

झाडीपट्टीतलं नाटक ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लवकर कळेल. दिवाळी सरली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियातल्या गावांत मांडव पडतात. गावचं मंडळ गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जाऊन नाटक कंपनी ठरवतं. रात्रभर नाटक चालतं. आता तिथला पैसा बघा. प्रेक्षक तिकीट काढतात. मांडवाला दुकानदारांचे फलक लागतात. दंडार किंवा खडी गंमत यांसारखं लोकनाट्य असेल तर खूश झालेला माणूस बक्षीस देतो आणि माइकवर त्याचं नाव पुकारलं जातं. आणि कंपनीला सगळ्यात खात्रीचा पैसा मिळतो तो मंडळानं आधीच ठरवलेल्या सुपारीतून, गर्दी कमी झाली तरी.

इंटरनेटवरही मुख्य खिसे हेच चार आहेत. तिकीट म्हणजे सदस्यत्व. फलक म्हणजे जाहिरात. बक्षीस म्हणजे प्रेक्षकानं खुशीनं दिलेले पैसे. सुपारी म्हणजे कोणीतरी सांगून करून घेतलेलं काम. अ‍ॅप हा मांडव. मांडवाचा मालक फलकांचे पैसे घेतो. त्यातला वाटा कलाकाराला द्यायचा की नाही, आणि दिला तर किती, हे त्यानंच ठरवलेलं असतं. काही मालक देतात. पुष्कळ देत नाहीत.

फलकाचा वाटा : यूट्यूब

जाहिरातीतला वाटा जाहीर नियमानं देणाऱ्यांत आपल्याकडे यूट्यूब सगळ्यात ओळखीचं. लांब व्हिडिओवर दिसणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के बनवणाऱ्याला मिळतात, ४५ टक्के यूट्यूब ठेवतं. शॉर्ट्स म्हणजे उभे छोटे व्हिडिओ. त्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे सगळ्या जाहिरातींचा पैसा एकत्र होतो, व्ह्यूजच्या प्रमाणात वाटला जातो आणि तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के तुम्हाला मिळतात. तुम्ही शॉर्टमध्ये एखादं गाणं वापरलं असेल तर वाटणीआधीच त्या शॉर्टच्या पैशातला अर्धा भाग संगीताच्या हक्कांकडे जातो. दोन गाणी वापरली तर दोन तृतीयांश जातो. म्हणून पार्श्वसंगीत शक्यतो स्वतःचं ठेवा. गावात संबळ, ढोलकी, हार्मोनियम वाजवणारे आहेत. त्यांना सोबत घ्या, त्यांचाही वाटा ठरवा.

हा वाटा पहिल्या दिवसापासून मिळत नाही. त्यासाठी चॅनलला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि शिवाय दोहोंपैकी एक अट पूर्ण करावी लागते. एक तर गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलं पाहिजे, नाहीतर गेल्या ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज मिळाले पाहिजेत. शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत.

अ‍ॅनिमेशनवाल्यांची अडचण इथेच होते. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एका मिनिटाचं कार्टून असेल तर ते दोन लाख चाळीस हजार वेळा शेवटपर्यंत बघितलं गेलं पाहिजे. तोंडाला येईल ते बोलत तासभर लाइव्ह बसणारा माणूस हे तास लवकर गाठतो, आठ दिवस राबून एक मिनिट बनवणारा गाठत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे पात्रं आणि पार्श्वभूमी तीच ठेवून कटआउट पद्धतीनं पाच-सात मिनिटांच्या गोष्टी करणं. गोष्ट आवाजावर पेलली जाते, चित्रं तिला साथ देतात. आपल्या वऱ्हाडीत आणि झाडीबोलीत आवाजावर पेलणाऱ्या गोष्टींची कमी नाही. रात्री अंगणात म्हातारी माणसं ज्या गोष्टी सांगतात, त्या अजून कितीतरी कोणी चितारलेल्याच नाहीत.

याच्या खालची एक पायरी आहे. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ, आणि ३,००० तास किंवा ३० लाख शॉर्ट्स व्ह्यूज झाले की सदस्यत्व आणि ‘सुपर थँक्स’ सुरू करता येतं, म्हणजे तिकीट आणि बक्षीस. त्यातले ७० टक्के बनवणाऱ्याचे. जाहिरातीचा वाटा मात्र त्या पायरीवर मिळत नाही.

आता रकमेचा अंदाज घेऊ. हजार व्ह्यूजमागे तुमच्या हाती येणाऱ्या पैशाला आरपीएम म्हणतात. तो प्रत्येक चॅनलचा वेगळा असतो, तुमच्या यूट्यूब स्टुडिओत तुम्हाला दिसतो. जाहिरातदार भारतीय प्रेक्षकासाठी अमेरिकी प्रेक्षकाहून बरेच कमी पैसे मोजतो, त्यामुळे परदेशी यूट्यूबरचे आकडे इथे लावू नका. समजा तुमचा आरपीएम ४० रुपये आहे. मग दहा हजार व्ह्यूजचे ४०० रुपये झाले. तिकडे १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. डॉलर ८५ रुपये धरला तर तेवढ्यासाठी दोन लाखांहून जास्त व्ह्यूज लागतील. हा हिशेब बघून कोणी चित्र काढणं सोडू नये. पण यूट्यूबच्या भरवशावर हातचं कामही सोडू नये.

लहान मुलांची कार्टून सर्वांत फायद्याची, हा समज

पुष्कळ जण बडबडगीतांपासून सुरुवात करतात. त्यातली मेख कोणी सांगत नाही. मुलांची माहिती गोळा केल्याच्या तक्रारीवरून २०१९ साली अमेरिकेत यूट्यूब आणि गूगलला १७ कोटी डॉलर भरावे लागले. जानेवारी २०२० पासून नियम बदलले. ‘मुलांसाठी बनवलेला’ असा शिक्का असलेल्या व्हिडिओवर बघणाऱ्याच्या आवडीनुसार जाहिराती दाखवता येत नाहीत, आणि अशाच जाहिरातींना जास्त दर मिळतो. कॉमेंट बंद, सदस्यत्व बंद, सुपर थँक्सही बंद. म्हणजे चार खिशांतले दोन तर तिथेच मिटले.

शिक्का टाळायला खोटं सांगणं चूक आहे, आणि ते पकडलंही जातं. माझ्या मते सुरुवात करणाऱ्यानं मोठ्यांसाठी आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावं असं काहीतरी करावं. बाजाराच्या दिवशीची घासाघीस, लग्नातला मानपान, एसटीतल्या जागेवरून होणारी भांडणं. ज्याला मुलांसाठीच करायची खरी ओढ आहे, त्यानं जरूर करावं. भुलाबाईच्या गाण्यांवर, तान्ह्या पोळ्यावर चांगलं अ‍ॅनिमेशन झालं तर मला फार आनंद होईल. फक्त त्यातून लवकर पैसा येईल असं घरच्यांना सांगू नका.

जीआयएफ आणि स्टिकर : नाव पसरतं, पैसा येत नाही

“माझं स्टिकर लाखो लोकांनी वापरलं, तरी रुपया का नाही?” हा प्रश्न रास्त आहे. जीआयएफ म्हणजे आवाज नसलेलं, पुन्हा पुन्हा फिरणारं छोटं हलतं चित्र. ते शेअर करण्यासाठी गिफी हे जगभर ओळखीचं ठिकाण आहे. तिथे तुमचं चित्र कितीही वेळा पाहिलं गेलं तरी व्ह्यूजचे पैसे कलाकाराला मिळत नाहीत. खुद्द मालकांनाही त्यातून पैसा काढणं सोपं गेलेलं नाही. फेसबुकनं २०२० मध्ये ते विकत घेतलं, ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं विकायला लावलं, आणि २०२३ मध्ये ते शटरस्टॉकनं ५ कोटी ३० लाख डॉलरला घेतलं. फेसबुकनं मोजलेल्या रकमेपुढे ही किंमत फारच थोडी होती. व्हॉट्सअ‍ॅपची स्टिकरं २०१८ साली आली, त्यांचेही कलाकाराला थेट पैसे नाहीत.

मग करायचं कशाला? ओळखीसाठी. तुमच्या स्टिकरवरचा “काहून बे?” म्हणणारा म्हातारा जिल्हाभर फिरला की दुकानदार विचारतो, हे कोणी काढलं? एका कोपऱ्यात तुमचं नाव हवं, आणि ते नाव शोधल्यावर तुमच्या कामाचं एक पान सापडायला हवं. इन्स्टाग्रामचाही मुख्य उपयोग नवीन माणसाला हाच. तिथले कलाकार कमावतात ते बहुतेक ब्रँडच्या जाहिराती करून. अशी जाहिरात केलीत तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहा. केंद्र सरकारचे तसे निर्देश जानेवारी २०२३ मध्ये आले आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तयार माल विकायची ठिकाणं

अ‍ॅडोबी स्टॉक, शटरस्टॉक अशा ठिकाणी हलती चिन्हं, पार्श्वभूमी, छोटे तुकडे विकायला ठेवता येतात. अ‍ॅडोबी स्टॉक व्हिडिओच्या विक्रीतले ३५ टक्के देतं आणि २५ डॉलर साठले की काढू देतं. तिथे जगभरचा माल असतो. उगवता सूर्य आणि हसरा चेहरा हजारोंनी पडलेत. तुमच्याकडे जे इतरांकडे नाही ते ठेवा. कापूस वेचणाऱ्या बाया, डवरणी, मोहफुलं वेचणं, धानाची रोवणी. हा मार्ग सावकाशीचा आहे, पण एकदा केलेलं काम पुन्हा पुन्हा विकलं जाऊ शकतं.

सुपारी : तालुक्यातलंच काम

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. ग्रामीण विदर्भात बसून अ‍ॅनिमेशनमधून पहिला खरा पैसा मिळण्याची जास्त शक्यता आहे ती अशा माणसाकडून, ज्याला तुम्ही मोटरसायकलवर जाऊन भेटू शकता. अ‍ॅप तिथे दुकानाच्या काचेतल्या नमुन्याचं काम करतं. मोबाईल काढायचा आणि दाखवायचा.

लग्नपत्रिकेपासून सुरुवात करा. आता पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, आणि बहुतेकांची एकाच साच्यातली असते. नवरदेव-नवरीची कटआउट पात्रं, गावचं देऊळ, आजोबांच्या आवाजात आग्रहाचं निमंत्रण असं तीस सेकंदांचं काही केलं तर ते वेगळं दिसतं. सांगाडा एकदा तयार झाला की पुढच्या पत्रिकेला चेहरे, नावं आणि तारीख बदलायची.

झाडीपट्टीच्या कंपन्या दर हंगामात नवी नाटकं आणतात. त्यांची पोस्टरं आधीपासून आहेतच. वीस सेकंदांची हलती जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर गेली तर मंडळांपर्यंत पोचते. हे काम दिवाळीच्या आधी, कंपन्या तयारीत असतात तेव्हा मागायला जायचं. हंगामाच्या मधे गेलं तर कोणाला बोलायला वेळ नसतो.

शेतीतलं काम तर समोर पडलेलं आहे. गुलाबी बोंडअळीचं उदाहरण घ्या. पतंग अंडी घालतो, बारीक अळी बोंडात शिरते, तिनं केलेलं छिद्र बुजतं आणि बाहेरून बोंड चांगलंच दिसतं. आत काय चाललंय ते फोटोत दाखवता येत नाही, भाषणात डोळ्यांपुढे उभं राहत नाही. अ‍ॅनिमेशनमध्ये ते मिनिटभरात कळतं, आणि पतंग पकडणारा कामगंध सापळा कशासाठी लावायचा हेही कळतं. तसंच फवारणीचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. वाऱ्याची दिशा, हातमोजे, तोंडावरचा मास्क, नोझल तोंडानं न फुंकणं, फवारल्यावर अंघोळ, हे सगळं चित्रातून सांगण्यासारखं आहे. ज्या मजुराला डब्यावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी हे आलंच पाहिजे.

याचे पैसे कोण देईल? शेतकरी उत्पादक कंपनी, आरोग्यावर आणि शेतीवर काम करणाऱ्या संस्था, ठिबकचे विक्रेते, कृषी केंद्रं. पण एक अट पाळा. तांत्रिक मजकूर कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाकडून तपासल्याशिवाय बाहेर सोडू नका. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्याच भागात आहेत. त्यांच्या प्रकाशित शिफारशी वापरा. औषधाचं प्रमाण चुकीचं दाखवलं तर नुकसान शेतकऱ्याचं होतं.

भाव कसा सांगायचा, यावर पुष्कळ पोरं अडखळतात आणि “तुम्हाला जे वाटेल ते द्या” म्हणून मोकळी होतात. असं म्हणू नका. समजा तुम्ही दिवसाची मजुरी ६०० रुपये धरलीत आणि पत्रिकेला दोन दिवस लागतात. मग १,२०० रुपये मजुरी झाली. त्यावर आवाज देणाऱ्याचे पैसे, डेटा, फोनची झीज धरा. दुरुस्त्या दोन वेळा फुकट, तिसरीपासून पैसे, हे आधीच सांगा. अर्धी रक्कम आगाऊ घ्या. नमुना पाठवताना मधोमध तुमचं नाव फिकट ठेवा, पूर्ण पैसे आले की बिननावाची फाइल द्या.

दूरचं काम हवं असेल तर फायव्हरसारखी ठिकाणं आहेत. फायव्हर कमाईतले २० टक्के कापतं. तिथे इंग्रजीतून बोलावं लागतं आणि सुरुवातीचे महिने गिऱ्हाईक मिळत नाही. गावातली पाच-दहा कामं नमुना म्हणून हाती असली की तिथे उभं राहणं जमतं.

“एआय मिनिटात कार्टून काढतं, मग मला कोण विचारणार?”

भीती खोटी नाही. साध्या, कुठेही चालतील अशा कार्टूनची किंमत उतरली आहे. पण अ‍ॅपवाल्यांनाही कचऱ्याचा ढीग नको आहे. जुलै २०२५ पासून यूट्यूबनं आपला नियम स्पष्ट केला की घाऊक पद्धतीनं एकाच साच्यातून काढलेले, तेच ते व्हिडिओ असतील तर चॅनलची कमाई बंद होऊ शकते. एआय वापरायला बंदी नाही. खरं वाटेल असं दृश्य एआयनं बनवलं असेल तर तसं सांगावं लागतं. “एआयनं रोज दहा व्हिडिओ टाका” असं शिकवणारे क्लास याच नियमात अडकतात.

आणि एआयला आपलं गाव नीट ठाऊक नाही. बैलगाडी काढायला सांगा, कधी जू भलतीकडेच बसतं. मराठी लिहायला सांगा, कधी अक्षरं मोडतात. रंग भरायला, पार्श्वभूमी करायला त्याची मदत घ्या. वखर आणि डवरा यांतला फरक, वऱ्हाडी बोलण्यातला हेल, तुमच्या गोष्टीतली शेवंतामावशी पदर कसा खोचते, ते तुम्ही आणायचं. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

पैसे खात्यात येईपर्यंत

यूट्यूबचा पैसा अ‍ॅडसेन्स नावाच्या खात्यातून येतो. कमाई १० डॉलरवर गेली की पत्ता तपासण्यासाठी टपालानं एक पिन येतो. पत्ता लिहिताना मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड पूर्ण लिहा, पोस्टमनला आधी सांगून ठेवा. पिन आलाच नाही तर पुन्हा मागवता येतो. बँक खात्यावरचं नाव आणि अ‍ॅडसेन्सवरचं नाव एकच हवं. परदेशी पैसा स्वीकारण्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. गावातल्या सहकारी पतसंस्थेकडे तो नसतो, म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेत खातं ठेवा आणि कोणता कोड द्यायचा ते शाखेत विचारून घ्या.

अ‍ॅडसेन्स कराचा एक फॉर्म भरायला सांगतं. तो टाळू नका. त्यात पॅन नंबर देऊन भारताचा रहिवासी असल्याचं सांगितलं की अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर भारत-अमेरिका कर करारानुसार १५ टक्के कपात होते. नाही भरला तर यापेक्षा जास्त कपात होते, आणि ती सगळ्याच कमाईवर लागू शकते. आपल्याकडे नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही, पण उत्पन्न चार लाखांवर गेलं की विवरणपत्र भरावंच लागतं. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. “जीएसटी काढून देतो” म्हणून पैसे मागणाऱ्याला हे सांगा.

वय अठराच्या आत असेल तर अ‍ॅडसेन्स खातं आई-वडिलांच्या किंवा पालकाच्या नावानं लागतं. म्हणून घरच्यांना सुरुवातीपासून सांगून करा.

जिथे पैसे आधी भरावे लागतात

काही अ‍ॅप म्हणतात, ५०० रुपये भरून ‘प्रीमियम कलाकार’ व्हा, रोज पाच कार्टूनला लाइक करा, चार मित्र जोडा, पैसे दुप्पट. पहिल्यांदा शंभर-दोनशे रुपये खरंच येतात. मग जास्त भरायला सांगतात आणि अ‍ॅप बंद होतं. या सगळ्यात अ‍ॅनिमेशन बघायला प्रेक्षकच नसतो, म्हणजे पैसा येतोय तो नंतर आलेल्यांच्या खिशातून. विकतचे सबस्क्रायबरही घेऊ नका, ते बघत नाहीत, आणि चॅनल धोक्यात येतं. “तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा” असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबा, कारण तो चोरीचा पैसा असू शकतो आणि पोलीस तुमच्या दारी येतात. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

गाणं कोणाचं, चित्र कोणाचं

भारतात कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. संत तुकारामांचा अभंग कोणीही वापरावा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन ऑक्टोबर १९६८ मध्ये झालं, म्हणून त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. त्यांच्या भजनावर अ‍ॅनिमेशन करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. लोकगीतं सगळ्यांची, पण एखाद्या कंपनीनं केलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं. घरच्या आजीकडून म्हणवून घ्या, तिची संमती घ्या, तिचं नाव द्या.

तुमच्या स्वतःच्या कामाचं काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फिल्म बनवली आणि वेगळा करार केला नाही, तर तिचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे कृषी केंद्रासाठी काढलेली तुमची शेवंतामावशी उद्या दुसऱ्याच जाहिरातीत दिसली, तर भांडायला जागा कमी. याउलट मालकी तुमच्याकडे असेल आणि तुम्ही हक्क लिहून दिला, पण मुदत लिहिली नाही, तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरताच धरतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी अर्ध्या पानाचा कागद करा. त्यात लिहा की या फिल्मची आणि तिच्यातल्या पात्रांची मालकी चित्रकाराची राहील, समोरच्याला ही फिल्म महाराष्ट्रात दोन वर्षं वापरता येईल, दुसऱ्या कामासाठी वापरायची तर वेगळे पैसे, एकूण रक्कम इतकी, आगाऊ इतकी, दुरुस्त्या दोन. तारीख, दोघांच्या सह्या, आणि कागदाचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये. ओळखीचा दुकानदार म्हणेल, “आपल्यात कशाला एवढं?” त्याला नम्रपणे सांगा की काका, नंतर वाद नको म्हणून, आणि पेन पुढे करा.